मोकळी जागा

एक फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच असा लोखंडाचा भरीव ठोकळा डोळ्यांसमोर आणा. त्याचं वजन 220 किलोंच्या आसपास भरतं. माझ्या टेम्पोचा हौदा सात फुटांहून थोडा जास्त लांब आणि पाच फुटांहून थोडा कमी रुंद आहे. कंपनीने त्याला भार ठरवून दिलाय 750 किलोंचा. म्हणजे असे तीन ठोकळे एका कोपऱ्यात ठेवले की चौथ्याला जागा भरपूर असते, पण तो घ्यायचा नसतो. सिमेंटचंही तसंच. 50 किलोंची 15 पोती ठेवली की गाडी भरली, आणि बघणाऱ्याला हौदा रिकामाच दिसतो. उलट फोमच्या गाद्या डोक्याच्या वर रचून दोरीने आवळल्या, तरी सगळ्यांचं मिळून वजन 100 किलोंच्या आतबाहेर. रस्त्यावरची माणसं मात्र म्हणतात, केवढा माल भरलाय!

गाडी चालवायला मला आधीपासून येत होतं. माल बघायला यायला दोन वर्षं लागली.

भोसरीच्या एमआयडीसीत नऊ वर्षं मशीनवर काम केल्यावर 2019 मध्ये मी जुना छोटा हत्ती विकत घेतला. टाटांचा एस. 2005च्या मे महिन्यात ही गाडी बाजारात आली तेव्हा तिचं इंजिन दोन सिलिंडरचं, 702 सीसीचं होतं. गल्लीबोळात तीनचाकी जायची तिथे चार चाकांवर जाईल, वळेल आणि हप्ते फेडून घर चालवेल अशी गाडी करायची, हा त्यामागचा विचार पुण्यातच झाला. त्याच वर्षी बजाज टेम्पो कंपनीने आपल्या नावातला ‘टेम्पो’ काढला आणि ती फोर्स मोटर्स झाली. हा शब्द मुळात हॅम्बुर्गच्या एका जर्मन कारखान्याचा. तिथून तो इथे आला, त्याच्या तीनचाकी गाड्या महाराष्ट्रभर फिरल्या आणि कंपनीच्या पाटीवरून गेला तरी आमच्या तोंडातून गेला नाही. एस असो, पिकअप असो, फोनवर गिऱ्हाईक विचारतं ते ‘टेम्पो मिळेल का?’ एवढंच. मला तो शब्द आवडतो. मी स्वतःला टेम्पोवालाच म्हणवतो.

जुनी गाडी घेताना सगळे इंजिनाचा आवाज ऐकतात. मीही ऐकला. पण आमच्या स्टँडवरचे अण्णा माझ्याबरोबर आले होते, ते सरळ गाडीखाली आडवे झाले. चेसिसला कुठे वेल्डिंग केलंय का, कमानपाटे सपाट झालेत का, हौद्याचा पत्रा चाकांवर वाकलाय का, एवढंच त्यांनी पाहिलं. ‘इंजिन नवीन बांधता येतं. गाडीने आयुष्यभर किती ओझं सोसलं ते पाट्यांवर लिहिलेलं असतं,’ म्हणाले. मग कागद. आधीच्या मालकाच्या कर्जाचा बोजा आरसी बुकावरून उतरलाय का, जुनी चलनं थकलीत का, विमा आणि पासिंग कधीपर्यंत आहे. गाडी आठ वर्षांची होईपर्यंत पासिंग दोन वर्षांनी, त्यानंतर दरवर्षी. हा खर्च नवखा माणूस धरतच नाही. परमिटचं मात्र ओझं नाही. मालासकट एकूण वजन 3,000 किलोंच्या आत असलेल्या मालवाहू गाडीला कायद्याने परमिट लागत नाही.

लायसन्सचा घोर मात्र मला पाच वर्षं होता. माझ्याकडे साधं हलक्या वाहनाचं लायसन्स. 7,500 किलोंपर्यंतच्या मालवाहू गाडीला ते चालतं असं सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये म्हटलं होतं, पण विमा कंपन्यांना ते मान्य नव्हतं आणि प्रश्न पुन्हा मोठ्या खंडपीठापुढे गेला. उद्या काही झालं आणि विम्याचे पैसे अडले तर? रात्रीच्या फेऱ्याला हा विचार हमखास यायचा. 6 नोव्हेंबर 2024 रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने 2017चाच निकाल कायम केला. त्या दिवशी स्टँडवर आम्ही पेढे वाटले.

आता परतीच्या भाड्याबद्दल सांगतो, कारण नवीन माणूस बुडतो तो तिथे.

पहिले सहा महिने मी फक्त आलेले आणि गेलेले पैसे लिहायचो. महिनाअखेर हातात थोडंफार उरायचं आणि वाटायचं, चाललंय. मग बायकोने वहीत एक रकाना वाढवला: रिकामे किलोमीटर. पहिल्याच महिन्यात आकडा आला. एकूण 2,600 किलोमीटर, त्यांतले 1,100 रिकामे. डिझेल, टायर आणि दुरुस्ती धरून किलोमीटरला साडेसात रुपये जात होते. हप्ता, विमा, पासिंग महिन्याला वाटून घेतलं की आणखी पाच. म्हणजे चाक एक किलोमीटर फिरलं की साडेबारा रुपये, आणि त्यात माझी मजुरी धरलेली नाही. पण भाडं मिळत होतं ते 1,500 किलोमीटरचंच. सगळा खर्च त्यावर टाकला तर भरलेल्या किलोमीटरला पावणेबावीस रुपये पडत होते. मी बारा-तेराच्या हिशेबाने भाडी घेत होतो. ती वही समोर ठेवून आम्ही दोघं रात्री एकपर्यंत बसलो होतो.

या आकड्याने माझा जीव घाबरा झाला, आणि घाबरलेला माणूस परतीला मिळेल ते भरतो. शिरवळला माल टाकून पुण्याला रिकामा येत होतो. तिथल्या एका कारखान्यातून फोन आला, थोडे कास्टिंगचे तुकडे आहेत, भोसरीला टाकायचेत. जाऊन पाहिलं तर हौद्याचा तळसुद्धा झाकला जाणार नाही एवढा ढीग. मी वजन विचारलं. सुपरवायझर म्हणाले, ‘सात-आठशे असेल, दादा.’ वजनकाटा वाटेतच होता. दीडशे रुपये आणि वीस मिनिटं वाचवायची म्हणून मी थांबलो नाही.

खेड शिवापूरपर्यंत काही कळलं नाही. बोगद्याच्या चढाला गाडी दुसऱ्या गिअरवर आली तेव्हा मनात पाल चुकचुकली. कात्रजचा नवा बोगदा संपला की दरी पुलावरून थेट नवले पुलापर्यंत उतार आहे. पुण्यातल्या प्रत्येक ड्रायव्हरला हा उतार माहीत आहे. डिझेल वाचवायला काही जण इथे गाडी न्यूट्रलला सोडतात. मग इंजिनाचा आवर राहत नाही, सगळा भार ब्रेकवर येतो, ड्रम तापतात आणि ब्रेक पकडेनासे होतात. मी गिअरमध्ये होतो म्हणून आज हे लिहितोय. तरीही अर्ध्या उतारावर जळका वास आला आणि पॅडल मऊ लागलं. दुसरा, मग पहिला गिअर, डावीकडची कड, हात हँडब्रेकवर. गाडी थांबली तेव्हा मागच्या चाकांतून धूर येत होता. खाली उतरलो, पाना हातात घेतला, पण हात थरथरत होते म्हणून तसाच उभा राहिलो. तासाभराने ड्रम गार झाल्यावर पहिल्या गिअरमध्ये उतार उतरलो आणि आधी वजनकाटा गाठला. माल 1,180 किलो भरला.

दंडाचं सांगत नाही. तो कायद्यात आहे, 2019च्या दुरुस्तीपासून जादा भाराला किमान 20,000 रुपये. पण त्या उतारावर माझ्या पुढे एका स्कूटरवर नवरा-बायको आणि मधे शाळेच्या गणवेशातलं एक पोर होतं. ते पोर मागे वळून माझ्या गाडीकडे बघत होतं. त्यानंतर लोखंड, फरशी, प्लाय, काच यांचं वजन मी कोणाच्या तोंडून घेत नाही. 18 मिमीच्या आठ बाय चार प्लायचा एक ताव 30 ते 35 किलोंचा. म्हणजे वीसच्या पुढे घ्यायचे नाहीत, आणि हौद्यापेक्षा ते लांब म्हणून मागे बाहेर राहणाऱ्या टोकाला लाल फडकं. काट्याची पावती मी भाड्याच्या पावतीला टाचतो. ज्यांना ते पटत नाही त्यांचं काम जातं. जाऊ दे.

फोनवर भाडं सांगण्याआधी मी आता विचारतो की माल काय आहे, वजन किती आणि उतरवणार कोण. शेवटचा प्रश्न विचारायला नवीन माणूस लाजतो. मग तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या इमारतीत, लोखंडी कपाट आणि तो असे दोघंच उरतात. किंवा वाराई, म्हणजे माल चढवण्या-उतरवण्याची मजुरी, कोणी द्यायची यावरून गोदामाच्या दारात गाडीची खोटी होते आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाची वेळ जाते. खोटीचे पैसे आधीच बोलून घ्यावेत. माझा पहिला तास भाड्यात असतो, पुढचा प्रत्येक तास वेगळा.

माल रचायला मी शिकलो मात्र गुलटेकडीच्या मार्केट यार्डात, हमालांकडून. पहाटे चारला कांद्याची गोणी पाठीवर घेऊन येणारा माणूस ती हौद्यात टाकत नाही, बसवतो. खालच्या दोन गोण्यांच्या मधल्या खाचेत वरची बसते, वीट बांधावी तशी. तोंडं आतल्या बाजूला. वजन आधी मागच्या चाकांच्या थोडं पुढे, मग मागे. सगळं फाळक्याकडे गेलं तर पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग हातात राहत नाही, हे मला कोणत्याही ड्रायव्हिंग स्कूलने सांगितलं नव्हतं. त्यांच्यातल्या एका काकांनी सांगितलं, कष्टाची भाकर केंद्रात शेजारी बसून. बाबा आढाव यांच्या हमाल पंचायतीचं ते केंद्र. तिथे हमाल, रिक्षावाला, टेम्पोवाला एकाच बाकावर जेवतात, आणि माझ्या धंद्याचं निम्मं शिक्षण त्या बाकावर झालं.

दोरी मला अण्णांनी शिकवली. मी निरगाठ मारायचो. ती पक्की वाटते, पण ओली झाली की सुटत नाही, मग कापावी लागते, आणि मुख्य म्हणजे पुन्हा आवळता येत नाही. अण्णा दोरी एका हुकात अडकवून मालावरून पलीकडे टाकत, मधे एक पीळ देऊन फासा करत, टोक खालच्या हुकातून घेऊन त्या फाशातून ओढत आणि गुडघा हौद्याला लावून सगळ्या अंगाने मागे रेलत. मग वर सुरगाठ. कितीही ओढ असली तरी एका झटक्यात सुटणारी. ‘दहा किलोमीटरवर थांबून परत आवळायची,’ ते सांगत. माल वाटेत बसतो, दोरी सैल पडते. मी अजूनही थांबतो, पावसातसुद्धा.

पण माझ्या मनाला सगळ्यात लागून राहिलेला फेरा पेणचा. श्रावणात पुण्यातले काही दुकानदार पेणहून, हमरापूर-जोह्यातून गणपती आणतात. पहिल्या वर्षी मी गेलो तेव्हा छप्पर घातलेली शेड होती, रांगेत शाडूच्या मूर्ती, काहींच्या डोळ्यांची आखणी नुकतीच संपलेली. मी आपला समजूतदारपणे दोन मूर्तींत वीतभर अंतर ठेवून त्या हौद्यात मांडायला लागलो. कारखान्यातल्या आजींनी हात धरून थांबवलं.

‘अरे बाळा, लांब लांब ठेवतोस म्हणून तर फुटतात.’

त्यांनी आधी भाताच्या पेंढ्याचा हातभर थर अंथरायला लावला. मग मूर्ती पाठीला पाठ लावून उभ्या केल्या, हात आणि सोंड नेहमी मोकळ्या अंगाला. प्रत्येक जोडीच्या बाजूंनी पेंढ्याची वळी करून त्या बोटांनी दाबून भरत गेल्या. कमरेपर्यंत, मग खांद्यापर्यंत. मुकुटाभोवती कागद. एकेका फटीत हात घालून बघायच्या आणि हात सहज गेला तर पुन्हा वळी. शेवटी त्यांनी मला हौदा धरून हलवायला सांगितलं. मी दोन्ही हातांनी जोर लावला. गाडी कमानपाट्यांवर डुलली. आतलं काहीच हललं नाही. सगळ्या मूर्ती जणू एकच वस्तू झाल्या होत्या.

खोपोलीपर्यंत रस्ता खड्ड्यांचा होता. घाटात धुकं होतं, वायपर मोडका होता आणि मी वीसच्या वेगाने चढत होतो. दर खड्ड्याला कान मागे. पुण्याला पोहोचायला सहा तास लागले. दुकानदारांनी फाळका उघडला, आम्ही पेंढा काढत गेलो आणि एकेक मूर्ती बाहेर आली. सोंड शाबूत, बोटं शाबूत, हातातला मोदक शाबूत. 48 पैकी एकीच्या कानाच्या पाळीचा टवका गेला होता. शेवटची मूर्ती आत गेल्यावर दुकानदारांनी पोच लिहून दिली आणि एक छोटी मूर्ती माझ्या हातात ठेवली, घरी बसवायला.

तेव्हापासून दर वर्षी जातो. आजी आता शेडच्या दारात खुर्चीवर बसतात आणि वळी मी भरतो. फटीत हात घालून बघायला मात्र त्या उठतात.

उतरवलेला पेंढा मी टाकत नाही. पोत्यात कोंबून सीटमागे ठेवतो. गेल्या वर्षी पेणहून आल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी कोंढव्याला एक काचेचं टेबल पोहोचवायचं होतं. गिऱ्हाइकाने चादरी आणून ठेवल्या होत्या. मी पोतं उघडलं, पेंढ्याची वळी करायला लागलो आणि आजींसारखीच ती बोटांनी दाबून बसवली.