सोडणार नाही ना?

मी पोहायला शिकलो तो मळ्यातल्या विहिरीत. सातारा जिल्हा, मे महिना, वय वर्षं सात. काकांनी पाठीला पत्र्याचा रिकामा डबा बांधून दोन दिवस पायऱ्यांजवळ हातपाय मारू दिले. तिसऱ्या दिवशी डबा सोडला आणि काठावरून ढकलून दिलं. मी धडपडत वर आलो तेव्हा काठावरची सगळी पोरं हसत होती. आठवड्याभरात मी मुटके मारायला लागलो. ही गोष्ट मी आजवर पंचवीस वेळा तरी रंगवून सांगितली असेल. त्या रात्री अंथरूण ओलं झालं होतं, तेवढं मात्र दर वेळी गाळून.

आता लेक पाच वर्षांची आहे. पोहणं तिला हौस म्हणून शिकवायचं नव्हतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2021 साली जगात सुमारे 3 लाख माणसं बुडून गेली आणि त्यातली जवळपास पाव भाग पाच वर्षांखालची मुलं होती. बुडणारं मूल सिनेमातल्यासारखं ओरडत नाही. बहुतेक वेळा ते गुपचूप खाली जातं. हे वाचल्यापासून मी पुण्यातल्या तलावावर सकाळची बॅच धरली आणि पाण्यात तिच्यापासून हातभर अंतरावर राहायला लागलो.

दंडावरचे फुगे पहिल्याच आठवड्यात काढले. त्यांनी मूल पाण्यात उभं राहतं, आडवं होत नाही. आधी तोंड पाण्यात घालून बुडबुडे काढायचे. मग माझा तळहात पोटाखाली आणि ती आडवी. डोकं वर काढलं की पाय खाली जातात, हे तिला सांगून नाही, करूनच कळलं. रोज एकच प्रश्न असायचा.

"बाबा, सोडणार नाही ना?"

"नाही सोडणार."

तिसऱ्या आठवड्यात ती हाताला अगदी हलकी लागली. मला वाटलं, झालं, आता जमतंय. न सांगता हात काढून घेतला. एक क्षण ती तरंगली. मग तिला कळलं, मान वर आली, पाय खाली गेले आणि ती बुडाली. दोन सेकंदांत मी उचललं असेल. ती खोकत होती आणि मी हसत म्हणालो, "बघ, काही झालं का?"

तोंड माझं होतं, आवाज काकांचा.

ती रडली नाही. फक्त म्हणाली, "तू म्हणाला होतास सोडणार नाही."

पुढचे आठ दिवस ती पाण्यात उतरली नाही. पायरीवर बसून पाय हलवायची. मीही शेजारी बसायचो. बायको म्हणाली, "शिकवणीचं राहू दे, आधी सॉरी म्हण." म्हटलं. तेवढ्याने काही झालं नाही. मग एके दिवशी पायरीवरच तिला विहिरीची गोष्ट सांगितली. या वेळी अंथरुणासकट.

तिने विचारलं, "मग तू काकांना सांगितलंस, की तुला भीती वाटली?"

"नाही."

"का?"

मला उत्तर देता आलं नाही. काका वाईट नव्हते. त्यांना तसंच शिकवलं गेलं होतं. मला पोहता येतं ते त्यांच्यामुळेच. पण आजही खोल पाण्यात कुणी मागून आलं की माझी पाठ आखडते, तीही त्यांच्यामुळेच.

नवा नियम तिनेच केला. 'सोड' ती म्हणणार, 'पकड'ही तीच म्हणणार, आणि मधले आकडे मी मोठ्याने मोजणार. पहिल्या दिवशी एकवरच 'पकड' आलं. बॅचमधली तिच्याएवढी दोन मुलं आता तलावाची रुंदी पार करतात. त्यांचे आईबाबा विचारतात, "अजून नाही का आलं हिला?"

काल ती सातपर्यंत गेली. आठ म्हणायच्या आत माझा हात तिच्या पोटाखाली होता.