घोरण्याची गोष्ट, सौ.च्या परवानगीने



इथे सगळेजण वाडा, जत्रा, शाळा, मास्तर यांच्या आठवणी लिहितात. मी आज घोरण्यावर लिहिणार आहे. हसू नका. सौ.ला विचारून लिहितोय, कारण घोरणारी ती आणि जागा राहणारा मी.

माझी झोप मुळातच हलकी. त्यात नोकरी बँकेची. लहान शाखेत तिजोरीच्या किल्ल्या दोघांच्या ताब्यात असायच्या, एक जुडी मॅनेजरकडे आणि दुसरी कॅशियर किंवा अकाउंटंटकडे. एकट्याच्या किल्लीनं तिजोरी उघडायची नाही. माझ्याकडची जुडी रात्री उशीखाली. मांजरानं ताटली हलवली तरी माझा हात आधी उशीखाली जायचा. रिटायर होऊन किल्ल्या दिल्या, सवय राहिली.

आमचं गाव संतपूर, औराद तालुक्यात, बिदरहून औरादला जाणाऱ्या रस्त्यावर. आमच्या भागात चार भाषा कानावर पडतात. घोरण्याला आम्ही मराठीत घोरणं म्हणतो, कन्नडवाले गोरके म्हणतात, तेलुगूवाले गुरक आणि बाजारातले दखनी बोलणारे खर्राटे. कुठल्याही भाषेत म्हणा, आवाज तोच. आणि कुठल्याही भाषेत चेष्टा पुरुषाचीच होते. रामायणात कुंभकर्ण आहे. घोरणाऱ्या बाईला नावच नाही, म्हणजे ती नसतेच असं आपण धरून चालतो.

माझे वडील जोरात घोरायचे. पण ते ढाळजेत बाजेवर झोपायचे, आई आत माजघरात पोराबाळांजवळ. उन्हाळ्यात सगळे माळवदावर, तिथंही गडीमाणसं एका कडेला आणि बायका दुसऱ्या कडेला. त्यामुळे नवऱ्याच्या घोरण्यानं झोप मोडली अशी तक्रार मी आईच्या तोंडून कधी ऐकली नाही. नवरा-बायको रोज एका खोलीत, हातभर अंतरावर झोपणार ही पद्धत आमच्या घरात माझ्या नोकरीनं आणली. बदलीच्या गावी दोन खोल्यांचं भाड्याचं घर. एकीत चूल, दुसरीत आम्ही.

लग्न १९७७ साली झालं. सौ. तेव्हा घोरत नव्हती, निदान मला आठवत नाही. दुसऱ्या बाळंतपणानंतर सुरू झालं. आधी मांजर गुरगुरल्यासारखं, मग वाढत गेलं. मी कूस बदलायचो, खाकरायचो, शेवटी तिच्या खांद्याला हात लावायचो. ती दचकून उठायची आणि "घोरले का?" म्हणून इतकी ओशाळायची की मलाच वाईट वाटायचं. उपाय सगळे केले. कानात कापूस घातला. कुणी सांगितलं म्हणून तिच्या नाकात तुपाचे थेंब सोडले. दोन उशा दिल्या. उताणं झोपलं की घोरणं वाढतं, हे आमच्या लक्षात आलं, म्हणून पाठीशी एक लोड लावून पाहिला. चार दिवस बरं, पाचव्या दिवशी येरे माझ्या मागल्या.

मग एक सोय आपोआप झाली. मी साडेनऊला आडवा व्हायचो. ती म्हणायची, "तुम्ही झोपा, मला अजून ओटा आवरायचाय." मला वाटायचं, बाईला कामाची हौस. खरं काय ते फार वर्षांनी कळलं. माझा डोळा लागेपर्यंत ती स्वयंपाकघरात पाटावर बसून राहायची. ओटा कधीच आवरून झालेला असायचा. सकाळी पाचला पाणी भरायला पुन्हा तीच उठणार.

आता ३० सप्टेंबर १९९३. तारीख आपल्याकडे कुणाला सांगावी लागत नाही. माझी बदली तेव्हा बिदरला होती आणि आम्ही संतपूरच्या घरीच राहत होतो. गणपती विसर्जन होऊन गाव झोपलं होतं. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीला भूकंप झाला. आमच्याकडे फडताळातली पितळेची भांडी वाजायला लागली आणि मी पहिल्या आवाजाला उठलो. सौ. गाढ झोपेत घोरत होती. तिला दंडाला धरून ओढत बाहेर काढलं, मग पोरांना, मग आई-वडिलांना. आमची एक भिंत चिरली, तेवढ्यावर निभावलं. किल्लारी-सास्तूरकडे दगड-मातीच्या जाड भिंतींखाली हजारो माणसं झोपेतच गेली. त्या दिवसापासून माझ्या हलक्या झोपेला घरात मान आला.

पण मला सांगायचंय ते पुढचं. पंधरा-वीस रात्री आमची सगळी गल्ली मारुतीच्या देवळापुढच्या मोकळ्या जागेत झोपायची. शेजारी शेजारी सतरंज्या, वाकळा. मला जाग आली की दिसायचं, सौ. गुडघ्याला मिठी मारून बसलेली आहे. मी म्हणायचो, "अगं, आता काही होत नाही, पाठ टेक." ती म्हणायची, "तुम्ही झोपा, मला झोप येईना." मला वाटलं भीती बसली. एका रात्री तिनं हळूच सांगितलं, "आवो, एवढ्या माणसांत मी घोरायला लागले तर काय म्हणतील लोकं? सासरे आहेत, दीर आहेत." दिवसा भाकरी थापताना तव्यासमोर तिला डुलक्या लागायच्या.

हे कळूनही मी काय केलं? काही नाही. हसलो आणि झोपलो.

२०११ ला रिटायर झालो. गावातलं घर पाडून नवीन बांधलं आणि मुद्दाम दोन झोपायच्या खोल्या काढल्या. लोकांना सांगितलं, पाहुण्यांसाठी. एकीत ती, एकीत मी, मधे जाड भिंत. मंडळी, आयुष्यात पहिल्यांदा मी सलग सहा तास झोपलो. सात वर्षं अशी सुखाची गेली. सुख माझं.

तिचं काय चाललं होतं ते आता सांगतो. सकाळी उठली की डोकं जड. दुपारी टीव्हीसमोर, सप्त्यात कीर्तनाला, मोटारीत, कुठंही बसली की मान कलायची. बीपीच्या दोन गोळ्या, तरी आकडा खाली येईना. चिडचिड वाढली, विसरायला लागली. आम्ही म्हणायचो वय झालं. नातेवाईक म्हणायचे, सुख अंगी लागलंय. कुणी कुणी थायरॉइड सुचवलं, ते तपासलं, ठीक होतं.

२०१८ साली ती हैदराबादला मुलीकडे महिनाभर राहायला गेली. लहान फ्लॅट, त्यामुळे मायलेकी एका खोलीत. तिसऱ्या दिवशी सकाळी मुलीचा फोन आला. "अण्णा, आई झोपेत घोरते आणि मधेच तिचा श्वास थांबतो. मी घाबरून तिला हलवलं. तुम्हाला माहीत होतं का?"

मला माहीत नव्हतं. मी सात वर्षं भिंतीपलीकडे झोपत होतो. खरं सांगायचं तर त्याच्या आधीही घोरणं मधेच बंद पडायचं, तेव्हा मला वाटायचं, सुटलो. तेवढ्यात डोळा लावून घ्यायचो.

पहिल्या गाडीनं हैदराबाद गाठलं. त्या रात्री तिच्या शेजारी खुर्ची टाकून बसलो, हातात घड्याळ आणि वही. जन्म आकडे लिहिण्यात गेला, दुसरं काय येणार? घोरणं थांबलं की सेकंद मोजायचे. अठरा. पंचवीस. एकदा एकतीस झाले तेव्हा माझाच श्वास अडकला. मग ती मोठ्यानं हुंदका दिल्यासारखी हवा ओढायची आणि पुन्हा घोरायला लागायची. पहाटेपर्यंत वहीची चार पानं भरली.

छातीच्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "रात में साँस रुकती क्या इनकी? बाजू में कौन सोते?" मी वही पुढे केली. पण बाजूला कोण झोपतं, या प्रश्नाला उत्तर द्यायला मला वेळ लागला.

त्यांनी समजावलं ते साध्या भाषेत असं. झोपेत घशातले मऊ स्नायू ढिले पडतात, वाट अरुंद होते, हवेनं पडदा फडफडतो, ते घोरणं. वाट पूर्ण मिटली की आवाजही नाही आणि श्वासही नाही. रक्तातला प्राणवायू उतरतो, मेंदू माणसाला अर्धवट जागं करतो, श्वास सुरू होतो. हे रात्रभर. माणूस आठ तास आडवा असतो पण झोपलेला नसतो. याला स्लीप अॅप्निया म्हणतात. दहा सेकंद किंवा जास्त श्वास अडला की एक वेळ धरतात. तासाला पाचच्या वर गेलं की आजार, पंधराच्या वर मध्यम, तीसच्या वर गंभीर. डोक्याला वायरी, छातीला पट्टा, बोटाला चिमटा लावून रात्रभर तपासणी झाली. सौ.चा आकडा आला ४१.

डॉक्टरांनी आणखी एक सांगितलं. पाळी गेल्यानंतर बायकांत हा आजार वाढतो, पण त्या घोरण्याची तक्रार घेऊन येत नाहीत. थकवा, डोकेदुखी, झोप येत नाही असं सांगतात आणि उपचार भलत्याचेच होतात.

उपाय म्हणजे सीपॅप नावाचं यंत्र. ऑस्ट्रेलियातल्या कॉलिन सलिव्हन या डॉक्टरांनी १९८१ मध्ये ही पद्धत मांडली. नाकावर मुखवटा, त्यातून हवेचा हलका दाब, त्यानं घशाची वाट उघडी राहते. पहिल्या रात्री सौ.नं मुखवटा काढून फेकला. म्हणाली, "मळणीच्या बैलाला मुसकं घालतात तसं झालंय." महिनाभर रडारड झाली. दोनदा यंत्र कपाटात गेलं. मग हळूहळू सवय झाली. डोकं दुखायचं थांबलं. वर्षभरात डॉक्टरांनी बीपीची एक गोळी कमी केली. आता सप्त्यात कीर्तन शेवटपर्यंत ऐकते आणि घरी येऊन बुवांच्या चुका सांगते.

मी माझी गादी परत तिच्या खोलीत आणली. यंत्राचा बारीक सूं सूं आवाज असतो, त्याची मला सवय झाली. आता जाग येते ती आवाज थांबला की. वीज गेली, इन्व्हर्टर बसला की माझा हात आधी उशीखाली जायचा तसा आता तिच्या मुखवट्याकडे जातो.

वेगळं झोपू नका असं मी म्हणत नाही. झोप मोडणाऱ्याचे हाल मला माहीत आहेत. पण खोली बदलण्याआधी चार रात्री कान देऊन ऐका. आवाज मधेच थांबतो का, किती वेळ थांबतो, ते लिहून ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. घरातली बाई दिवसा पेंगत असेल तर तिला आळशी म्हणू नका. झोपलेल्या माणसाला स्वतःचं काहीच ऐकू येत नाही.

हे सगळं सौ.ला वाचून दाखवलं. तिनं एकच दुरुस्ती सांगितली. "देवळापुढं मी भूकंपाला भीत नव्हते असं वाटतंय यातून. तसं नका लिहू. मी दोन्हीला भीत होते."

दुरुस्ती मान्य.