तलवारीपेक्षा तार भारी!

झांग यिमोचा ‘हीरो’ (२००२) पाहिलाय? त्यातली सुरुवातीची फाइट आठवा. पाऊस पडतोय. जेट ली आणि डॉनी येन समोरासमोर. बाजूला एक आंधळा म्हातारा सात तारांचं गुचिन छेडतोय. दोघं डोळे मिटतात आणि लढाई चक्क मनातल्या मनात सुरू होते! संगीतकार तान दून. ‘रेड क्लिफ’मध्ये (२००८) तर दोन सेनानी युद्धात एकत्र यायचं की नाही, हे गुचिनच्या जुगलबंदीतूनच ठरवतात. भाषण नाही, डायलॉगबाजी नाही.

मी पडले चंद्रपूरची. त्यामुळे असलं काही पाहिलं की माझ्या डोक्यात लगेच आमचं जंगल सुरू होतं. लढाया आमच्याकडेही झाल्यात. इंग्रजांशी लढलेल्या बाबुराव शेडमाकेंना २१ ऑक्टोबर १८५८ ला आमच्याच गावात फाशी दिली गेली. त्यांच्यावर उद्या कुणी बिग बजेट सिनेमा काढला, तर साउंडट्रॅक कसा असेल? मी आत्ताच सांगते. धडाधड ढोल आणि मागून ‘हू हा, हू हा’चा कोरस. आदिवासी म्हटलं की आपल्या सिनेमावाल्यांना तेवढंच सुचतं.

आता ढोल आमचाच, यात वाद नाही. गडचिरोलीत रेला सुरू झाला की पाय ऐकत नाहीत. पण गोंडांच्या पूर्वजांच्या, त्यांच्या पराक्रमाच्या कथा शतकानुशतकं सांभाळल्या त्या परधानांनी. आणि त्यांच्या हातात असते किंगरी. तीन तारांची, गजानं वाजवायची, आवाजानं अगदी साधी. जिवतीकडच्या डोंगरात मी ती ऐकलीय. म्हातारे परधानबाबा गोंडीत गात होते, मला एक शब्द कळत नव्हता. तरी कुणीतरी लढलं, कुणीतरी परत आलं नाही, एवढं किंगरीनं बरोब्बर पोचवलं. ‘मुलं शिकतात का?’ विचारलं, तर बाबा नुसतेच हसले. मुलगा नोकरीला, नातू मोबाइलवर. त्यात त्यांचं काय चुकलं?

म्हणूनच घाई आहे. चीननं आपलं गुचिन जपलं, सिनेमात मिरवलं आणि जगाला ऐकवलं. आमचा युद्धपट निघेल तेव्हा निघेल. पण एखाद्या संगीतकारानं आत्ताच रेकॉर्डर घेऊन जिवती गाठावं. ढोल काय, स्टुडिओतही मिळतो. किंगरीवाले बाबा तिथे मिळणार नाहीत.