वराळ्याहून सावंतवाडीस

रघुवंशाच्या सहाव्या सर्गांत अवंतीच्या राजास, त्वष्ट्यानें चक्रावर चढवून उजळलेल्या सूर्याची उपमा दिली आहे. तो श्लोक मीं वर्गांत अनेकदां शिकविला. पण चक्रावर कांतणें म्हणजे काय, हें मात्र पेन्शनींत आल्यावर कळलें.

आमचें वराळे गांव मावळांत, तळेगांव दाभाडे स्टेशनानजीक आहे. घरांत चार पिढ्यांचा सागवानी पाळणा आहे. नातीच्या जन्मानंतर तो माळ्यावरून काढला, तों त्याचे तीन कांतीव दांडे मोडलेले! जवळपास कांतारी उरला नाहीं, म्हणून मीं हौसेनें पत्र्याच्या पायांचें एक हलकें लेथ आणलें. पहिल्याच दिवशीं ओबडधोबड ठोकळा वेगानें फिरवितांच यंत्र थरथरलें, आणि ठोकळा निसटून भिंतीवर आदळला. क्षणापूर्वीं त्याच भिंतीशीं माझा आठ वर्षांचा नातू उभा होता. दोष यंत्राचा थोडा, माझ्या उतावळेपणाचा अधिक. त्या रात्रीं मला झोंप आली नाहीं.

घरच्या मंडळींनीं हा नाद सोडण्यास सुचविलें. सोडण्यापूर्वीं जाणत्यांस विचारावें, म्हणून कोल्हापूर-आंबोली मार्गानें मी सावंतवाडीस गेलों.

मोती तलावाच्या कांठीं राजवाडा आणि गांवांत लांकडी खेळण्यांची प्रसिद्ध चितारआळी. येथील लाखकाम व गंजिफा मावळतीस लागल्या असतां शिवरामराजे भोसले व राणीसाहेब सत्त्वशीलादेवी यांनीं १९७० च्या सुमारास त्यांस पुन्हां आश्रय दिला. पूर्वीं एक जण दोरी ओढून लांकूड फिरवी व दुसरा कांती. आतां दोरीची जागा विजेच्या मोटरीनें घेतली आहे. फिरत्या लांकडावर लाखेची कांडी टेकविली कीं घर्षणाच्या उष्णतेनें लाख वितळून पसरते. मग केवड्याच्या पानानें तिला झिलई येते. एका वृद्ध कारागिरास मीं माझी फजिती सांगितली. तो म्हणाला, “गुरुजी, आधीं यंत्र जमिनीशीं घट्ट बांधा; मग लांकूड यंत्राशीं.”

परत आल्यावर निवड सोपी झाली. प्रथम काय कांतावयाचें तें ठरवावें. माझे दांडे १४ इंचांचे. म्हणून दोन टोंकांमध्यें १८ इंच अंतर पुरे. फिरणाऱ्या आंसाची उंची खालच्या बैठकीपासून ५ इंच असेल, तर १० इंच व्यासापर्यंतचें लांकूड मावतें. यंत्र पत्र्याचें नको, बिडाचें व जड असावें; मोटर अर्ध्या अश्वशक्तीची; आणि वेग मिनिटास ५०० फेऱ्यांपर्यंत उतरविण्याची सोय हवी. इंचांतील व्यासास मिनिटाच्या फेऱ्यांनीं गुणावें. गुणाकार ६००० ते ९००० च्या दरम्यान ठेवावा. ८ इंची ठोकळ्यास ७५० ते ११०० फेऱ्या होतात. तो ओबडधोबड असेपर्यंत त्याहूनही कमी. सारे पैसे यंत्रांत घालूं नयेत. चांगल्या पोलादाच्या गोलच्या, धार लावण्याचें चाक आणि तोंड झांकणारी पारदर्शक ढाल यांसाठीं कांहीं राखून ठेवावे. सैल बाह्यांनीं यंत्राजवळ जाऊं नये.

नातीचें बारसें उसन्या पाळण्यांत झालें. पण उष्टावणापूर्वीं तिन्ही दांडे जागीं बसले. नातू आतां खडूनें आंखलेल्या रेघेपलीकडे उभा राहतो. प्रत्येक वेळीं गुणाकार तोच करतो, आणि तो बरोबर आल्याखेरीज मी कळ दाबीत नाहीं.