घराला पुरतील एवढे वॅट

दिघाशीसारख्या भिवंडी तालुक्यातल्या गावात हळदीच्या रात्री डीजे लागतो तो हजारो वॅटचा, आणि उघड्यावर ते वॅट लागतातही. तिथे अंतर दुप्पट झालं की आवाज 6 डेसिबलनं उतरतो आणि तो परतवायला भिंती नसतात. घोळ होतो तो हाच वॅटांचा आकडा घरात आणल्यावर. आमची पिढी व्हॉल्व्हच्या रेडिओवर वाढली. त्यातून जेमतेम तीन-चार वॅट निघत, तरी 1957 साली सुरू झालेली विविध भारती माजघरापासून ओटीपर्यंत ऐकू येई. मग रेडिओ-कॅसेटचे टू-इन-वन आले, खोक्यावर पीएमपीओचे, म्हणजे क्षणिक शिखर-ताकदीचे, शेकडो वॅट छापून. ती ताकद क्षणभराचीही धड नव्हती, पण ‘किती वॅटचा?’ हा प्रश्न तेव्हापासून दुकानात कायमचा बसला.

विचारायला हवं ते वेगळंच. एका वॅटवर, एक मीटर अंतरावर स्पीकर किती डेसिबल देतो, ही त्याची संवेदनशीलता. ती 88 असेल, तर साध्या खोलीत तीन मीटरवर बसलेल्याला स्पीकरची जोडी एकेका वॅटात 80 च्या आसपास डेसिबल पोचवते. घरात निवांत ऐकायला 70 खूप झाले. त्याला एक दशांश वॅट पुरतो. वॅट दुप्पट केले की वाढतात फक्त 3 डेसिबल, म्हणजे 50 चा अ‍ॅम्प्लिफायर देऊन 100 चा आणला तरी कानाला फरक जेमतेम कळतो. आवाज दुप्पट मोठा वाटायला वॅट दसपट लागतात. उलट 82 ऐवजी 88 डेसिबल संवेदनशीलतेचा स्पीकर घेतला, की चौपट वॅटांचं काम आपोआप होतं. जुन्या रेडिओच्या मोठ्या, हलक्या कागदी कोनाचं बळ हेच होतं.

ताकद हाताशी असलेली बरी, असं जाणकार म्हणतात, आणि त्यांचं खरं आहे. पखवाजाची थाप सरासरीपेक्षा 20 डेसिबल वर जाऊ शकते. दशांश वॅटावर चाललेल्या भजनाला त्या क्षणी 10 वॅट हवे असतात. ते मिळाले नाहीत तर ध्वनिलहरींचे माथे छाटले जातात, आवाज फाटतो, स्पीकरमधला उंच स्वरांचा ट्विटर जळूही शकतो. 80 डेसिबलवर ऐकणाऱ्याला याच हिशेबानं 100 वॅट लागतील, आणि त्यानं ते जरूर घ्यावेत. पण यंत्रमाग आणि ट्रकांच्या या भिवंडीच्या टापूत बटण फिरवलं जातं ते बहुधा बाहेरच्या गोंगाटावर मात करायला. तो गोंगाट 10 डेसिबलनं घटला, तर तेच गाणं दहाव्या हिश्श्याच्या वॅटांत तितकंच स्पष्ट ऐकू येईल. हजार वॅटचा खोका उचलण्याआधी खिडकीच्या फटी बुजवायला सुताराला बोलवावं.