बिस्तारै, बिस्तारै

आमच्या घरी गडांची एक वही आहे. यळ्ळूरचा राजहंसगड तिच्यात धरत नाहीत, तो परसातला. पण पारगड, कलानिधीगड, सामानगड इथपासून थेट राजगड-तोरण्यापर्यंत माझे नव्वदेक गड तारीखवार लिहिलेले आहेत. त्यामुळे २०१८ साली पुतण्यानं सिक्कीमच्या कांचनगंगा राष्ट्रीय उद्यानात जायचा, आठवडाभर तंबूत राहायचा बेत काढला तेव्हा मी म्हणालो, "डोंगर तो डोंगर. त्यात शिकायचं काय?" माझं वय तेव्हा सत्तावन्न. वहिनींना ते वाक्य अजून पाठ आहे.

तिसरे भिडू शेजारचे अण्णा. घरात कानडी, दारात मराठी. आयुष्यात एकही गड न चढलेला माणूस. रोज पहाटे कॅम्पात दोन फेऱ्या, त्याही अशा चालीनं की बरोबरच्यानं कंटाळून पुढं निघून जावं. डॉक्टरांनी आम्हा दोघांना उंचीच्या त्रासावर डायमॉक्स लिहून दिली, चढायच्या आदल्या दिवसापासून घ्यायची. अण्णांनी घेतली. मी पिशवीत ठेवली. असल्या गोळ्या म्हाताऱ्यांसाठी, अशी माझी समजूत.

एप्रिलच्या अखेरीस युकसोमला पोचलो. हे गाव १७८० मीटरवर, म्हणजे पहिलं पाऊल टाकायच्या आधीच आपण १६४६ मीटरच्या कळसूबाईच्या डोक्यावर. चौकीवर ओळखपत्रांच्या प्रती दिल्या, आणि मग एक गंमत झाली. वर नेत असलेल्या प्लास्टिकची यादी करायला बसवलं. बिस्किटांचे पुडे, बाटल्या, बॅटरीचे सेल, सगळं मोजून लिहायचं आणि परतताना तेवढंच दाखवायचं. मी लिहून दिलं: डोकेदुखीच्या गोळ्यांची पट्टी, एक.

आमच्या वाटाड्याला सगळे 'दाइ' म्हणत. नेपाळीत दाइ म्हणजे थोरला भाऊ. अण्णांना मात्र बाळंतपणाची दाई आठवून पहिला दिवसभर हसू येत होतं. दाइचं सारं तत्त्वज्ञान एका शब्दात होतं: बिस्तारै. हळू. मी पुढं गेलो की मागून हाक यायची, "बिस्तारै, बिस्तारै!" आणि तिच्या मागोमाग अण्णांची, "सावकाश होग्री!" आपल्या सावकाशीला कानडीतही सावकाशच म्हणतात, हे बेळगावात जन्म जाऊनही माझ्या कधी नीट ध्यानात आलं नव्हतं.

साचेनचं जंगल ओलं, झाडांना शेवाळाच्या दाढ्या. दुसऱ्या दिवशी छोका, सुमारे ३००० मीटर. तिथं दाइनं दोन रात्री मुक्काम केला. माझा जीव चिडला. तीन हजारांच्या वर गेलं की आजच्या झोपण्याच्या जागेपेक्षा उद्याची जागा फार तर पाचशे मीटर उंच असावी, असा साधा नियम आहे. छोका ते झोंगरी एका दिवसात हजार मीटरची चढण, नियमाच्या दुप्पट. म्हणून छोक्यात एक दिवस जास्त आणि झोंगरीतही एक दिवस जास्त. दाइनं हे समजावून सांगितलं. मला आपला 'एका दिवसात तोरणा' आठवत होता. गडावर दम लागतो, तो बसलं की जातो. चार हजार मीटरवर हवेचा दाबच समुद्रकाठच्या साठ टक्क्यांच्या आसपास असतो. तिथं बसून राहिलं तरी श्वासाला प्राणवायू तेवढा कमीच. आणि त्यात तालमीच्या माणसाला सवलत नाही. उलट तोच भरभर चढतो आणि आधी सापडतो.

माझं डोकं छोक्यातच दुखू लागलं होतं.

दाइ रोज रात्री जेवण वाढताना एकेकाला विचारायचा, "टाउको दुख्यो?" डोकं दुखतंय का? समजायला कोश नको. मी सांगायचो, नाही. आणि तंबूत जाऊन गोळी घ्यायचो. नव्वद गडांची वही माझ्या पाठीवर होती म्हणा ना.

फेदांगपर्यंतची वाट लाकडी ओंडक्यांची, दोन्ही बाजूंना गुरासांचा बहर, लाल, गुलाबी, पांढरा. ऱ्होडोडेंड्रॉनला तिथं गुरास म्हणतात. उद्यानात लाकूड जाळायला बंदी, म्हणून स्वयंपाकाचं इंधन झोंच्या पाठीवर येतं. झो म्हणजे याक आणि गाय यांची मिश्र जात. झोंगरीला थंडीनं आमच्यातल्या एकानं स्टोव्ह झोपायच्या तंबूत आणला, तर एरवी आवाज न चढवणारा दाइ ओरडलाच. बंद तंबूत स्टोव्ह पेटला की विषारी वायू साठतो, त्याला वास नसतो, आणि झोपलेला माणूस उठत नाही. त्यापेक्षा गरम पाण्याची बाटली मोज्यात घालून झोपायच्या पिशवीत पायाशी घ्या, म्हणाला. तिथं पाणी सत्त्याऐंशी अंशांच्या सुमाराला उकळतं. कुकरशिवाय भात शिजत नाही. त्या रात्री तो शिजला होता, पण मी ताटात तसाच टाकला. अण्णांनी पाहिलं.

झोंगरीच्या दुसऱ्या रात्री मला दोनदा उलटी झाली. बाहेर जायला तंबूची चेन उघडेना. मी ती चुकीच्या बाजूला ओढत होतो आणि तंबूवर रागावत होतो. अण्णांनी एक शब्द न बोलता दाइला उठवून आणलं. बॅटरीच्या उजेडात दाइनं जमिनीवर दोरी टाकली आणि तिच्यावरून चालायला सांगितलं, टाचेला अंगठा लावत. पाचव्या पावलाला मी दोरीबाहेर होतो. पुन्हा चाललो. पुन्हा बाहेर.

नुसतं डोकं दुखत असेल तर तिथंच थांबायचं, वर जायचं नाही. पण तोल जाऊ लागला तर मेंदूला सूज येत असल्याची ती खूण. बसल्या जागी धाप आणि खोकला ही फुप्फुसाची खूण. मग उजाडायचीही वाट पाहायची नसते. दाइनं घड्याळसुद्धा पाहिलं नाही. रात्री दोनला आम्ही उतरायला लागलो: दाइ, मी आणि पुतण्या. पुतण्याला काही झालं नव्हतं. त्यानं वर्षभर रजा साठवली होती ती गोएचा ला साठी. "तू जा रे पुढं," मी म्हणालो. तो म्हणाला, "काका, तुम्ही खाली बघून चाला."

फेदांगला फटफटलं. छोक्यात डोकं उतरलं आणि चक्क भूक लागली. मागं वळून पाहायचं धाडस झालं नाही, पुतण्या मात्र एकदोनदा थांबून पाहत होता.

युकसोमला चौकीवर यादी काढली. पुडे, बाटल्या, सेल, सगळं जमलं. "गोळ्यांची पट्टी?" मी खिशातून काढून दिली. पुतण्यानं ती मधेच घेतली. एकेका रिकाम्या घरावरून अंगठा फिरवत त्यानं दहाही घरं मोजली.

"कधीपासून?"

"छोक्यापासून."

त्यानं पट्टी टेबलावर ठेवली. पुढचे चार दिवस माझी सगळी कामं केली, बोलला मात्र कामापुरतंच.

पाचव्या दिवशी उरलेली तुकडी उतरली. सगळ्यात शेवटी, आपल्या कॅम्पातल्या चालीनं, अण्णा. नाकाची साल निघालेली, ओठ फुटलेले. शेवटच्या मुक्कामाच्याही पुढं जाऊन त्यांनी कांचनगंगेवर पडलेलं पहिलं ऊन पाहिलं होतं. पिशवी खाली ठेवली, माझ्याकडं नीट निरखून पाहिलं आणि कानडी हेलात नेपाळी विचारलं, "टाउको दुख्यो?"

चार दिवसांत पहिल्यांदा पुतण्या हसला.