आधी माणसांना भूल

बिबट्याला भूल कशी द्यायची, हे मी पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकलो. ती नीट चढते कशी, हे जुन्नरकडच्या एका वनमजुराने शिकवलं. आम्ही सगळे त्यांना तात्या म्हणायचो. रोजंदारीवरचा माणूस. शाळा चौथीत सुटलेली, पण अख्ख्या तालुक्याच्या वाड्या-वस्त्या आणि सोयरिकी तोंडपाठ.

केटामाइन आणि झायलाझिन ही आमची नेहमीची जोडी. नजरेने वजन ताडायचं, डोस भरायचा, मांडीच्या जाड स्नायूत डार्ट मारायचा आणि दहा-पंधरा मिनिटं थांबायचं. पण पुस्तकातला डोस शांत जनावराचा. भेदरलेल्या जनावराच्या अंगात अ‍ॅड्रेनलिन उसळतं आणि झायलाझिनचं काही चालत नाही. मग दुसरा डार्ट मारावा लागतो, अंग तापतं, श्वास बिघडतो.

एकदा उसाच्या बांधावर, रानडुकरांसाठी लावलेल्या क्लचवायरच्या फाशात बिबट्याची एक मादी कमरेला अडकली. प्रत्येक हिसक्याला तार आत रुतत होती. भोवती गाव लोटलेलं, मोबाइल वर धरलेले. वरिष्ठांची परवानगी आली तसा मी डार्ट भरायला घेतला. तात्यांनी हात धरला. म्हणाले, "साहेब, जरा दम धरा. आधी माणसांना भूल देतो."

ते कुणावर ओरडले नाहीत. सरपंचांना रस्ता अडवायला पाठवलं. सगळ्यांत जास्त कालवा करणाऱ्या पोरांना बर्फ आणायला गावात पिटाळलं. म्हाताऱ्यांना लांबच्या कडुलिंबाखाली बसवलं, विहिरीवरची मोटर बंद करवली, मधे शेडनेटचा आडोसा धरला. ज्याला त्याला काम मिळालं आणि जो तो लांब गेला. मादी हळूहळू खाली बसली. एकाच डार्टात काम झालं.

पुढचं माझं. केटामाइनमध्ये डोळे उघडेच राहतात, म्हणून मलम घालून वर फडकं. मग तार कापली, जखम धुतली, सलाईन लावलं. तेवढा वेळ तात्या तिच्या बरगड्यांवर तळहात ठेवून श्वास मोजत होते. फाशाखालचं मांस किती मेलंय ते नंतर कळतं, म्हणून तिला माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्रात नेलं. झायलाझिनवर योहिम्बिनचा उतारा आहे, केटामाइनवर नाही. त्यामुळे जाग आणायचीही घाई केली नाही.

आमच्या नोंदवहीत औषध, मात्रा, वेळ, ताप, श्वास असे रकाने आहेत. तात्यांनी केलं त्याला रकाना नाही. म्हणून मी शेऱ्यात लिहितो: गर्दी किती लांब होती, आवाज कधी थांबला, कुणी थांबवला. नव्या डॉक्टरांना हा फापटपसारा वाटतो. 'इतक्या कमी औषधात कसं भागलं?' असं विचारतात, तेव्हा मी त्यांना तीच ओळ वाचायला लावतो.